नऊ सव्वीसचा मेल

विद्यार्थ्यांनी नेटवर वृत्तपत्र काढायचं ठरवलं की पत्रकारितेचे मास्तर पहिला प्रश्न विचारतात तो ठरलेला : वाचणार कोण? बातमीची भाषा, पानाची मांडणी, बातम्या टाकायच्या वेळा, सर्व्हरवर करायचा खर्च, सगळं त्या उत्तरावर अवलंबून असतं. आपल्याकडे कॉलेजचं नियतकालिक बहुधा वर्षातून एकदा निघतं. प्राचार्यांचं मनोगत आणि बक्षीस मिळवणाऱ्यांचे फोटो आले की भागतं, त्यामुळे हा प्रश्न कुणी फारसा मनावर घेत नाही. अमेरिकेतल्या मोठ्या विद्यापीठांत मात्र विद्यार्थीच वृत्तपत्र चालवतात, आणि वाचक कोण हे त्यांना नेमकं ठाऊक असतं.

व्हर्जिनिया राज्याच्या नैऋत्येला डोंगराळ भागात ब्लॅक्सबर्ग नावाचं गाव आहे. तिथल्या व्हर्जिनिया टेक विद्यापीठाचं ‘कॉलेजिएट टाइम्स’ १९०३ सालापासून निघतंय. सुरुवातीला त्याचं नाव वेगळं होतं. ते चालवणारी ना-नफा कंपनी विद्यापीठापासून कायद्याने स्वतंत्र. २००७ साली कागदी अंक मंगळवार ते शुक्रवार निघायचा आणि सोबतीला वेबसाइट होती. वाचक म्हणजे सुमारे २६ हजार विद्यार्थी, त्यांचे प्राध्यापक आणि गाव. वेबसाइटची ताकद तेवढ्याच लोकांच्या हिशेबाने ठरवलेली, आणि ते योग्यच होतं.

१६ एप्रिल २००७, सोमवार. त्या दिवशी या विद्यापीठात एका विद्यार्थ्याच्या गोळीबारात ३२ जण मारले गेले. पुढच्या बहुतेक वेळा राज्यपाल टिम केन यांनी नेमलेल्या चौकशी समितीच्या अहवालातल्या आहेत. मृतांच्या कुटुंबीयांनी त्यातल्या चुका दाखवून दिल्यावर २००९ साली तो दुरुस्त करून पुन्हा काढावा लागला. मारेकऱ्याचं नाव मी लिहिणार नाही. तो इंग्रजी साहित्याचा विद्यार्थी होता, एवढं पुरे.

पहाटे ५.०० (उरले ४ तास ४० मिनिटं)

हार्पर हॉल हे वसतिगृह. एका विद्यार्थ्याला दिसतं की शेजारच्या खोलीतला अबोल मुलगा जागा आहे आणि संगणकापुढे बसलाय. सत्र संपत आलेलं, निबंध देण्याच्या तारखा जवळ आलेल्या. पहाटे संगणकापुढे बसलेला विद्यार्थी पाहून कुणाला काय वाटणार?

बाहेर एप्रिलला न शोभणारी थंडी. बोचरा वारा आणि मधूनच भुरभुरणारा बर्फ.

सकाळी ७.१५ (उरले २ तास २५ मिनिटं)

वेस्ट अँब्लर जॉन्स्टन हे दुसरं मोठं वसतिगृह. चौथ्या मजल्यावरच्या एका खोलीत पहिल्या वर्षाची विद्यार्थिनी आणि तिच्या मदतीला धावलेला शेजारच्या खोलीतला वरिष्ठ विद्यार्थी, दोघांवर गोळ्या झाडल्या जातात.

७.२० वाजता विद्यापीठ पोलिसांना फोन जातो तो पलंगावरून कुणी पडलं असावं, असा. चार मिनिटांत अधिकारी पोचतो आणि खरा प्रकार समजतो. जवळपास त्याच वेळी, ७.२५ला, मारेकरी आपल्या खोलीवर परतून विद्यापीठाचं ईमेल खातं पुसून टाकतोय.

७.५७ (उरला १ तास ४३ मिनिटं)

पोलीसप्रमुख विद्यापीठाच्या वरिष्ठ कार्यालयाला कळवतात. ८ वाजता पहिले तास सुरू होतात. ८.१० ला अध्यक्ष चार्ल्स स्टेगर यांना निरोप मिळतो. ८.२५ ला धोरण ठरवणारा गट बैठकीला बसतो.

एक गोष्ट कळल्याशिवाय पुढचं कळणार नाही. विद्यापीठाच्या पोलिसांना स्वतःहून सगळ्यांना इशारा पाठवायची सोयच नव्हती. कळ प्रशासनाच्या हातात होती, आणि मजकूर आधी धोरण गटाने मंजूर करायचा. मोबाइलवर संदेश पाठवण्याची यंत्रणा यायची होती, अजून आलेली नव्हती. राहता राहिला ईमेल.

गटापुढे आठ महिन्यांपूर्वीची एक आठवणही होती. ऑगस्ट २००६ मध्ये, सत्राच्या पहिल्याच दिवशी, दोघांना ठार करून एक कैदी कॅम्पसच्या जवळपास लपला होता. तेव्हा अफवा उठल्या, घबराट झाली, विद्यापीठ बंद ठेवावं लागलं. पुन्हा तसा गोंधळ नको, अशी बैठकीत भावना होती. पोलिसांचा संशयही मुलीच्या मित्रावर होता, आणि तो कॅम्पसबाहेर गेल्याचं कळलं होतं. प्रकरण खाजगी आहे, निवळेल, असं बैठकीतल्यांना वाटलं. त्या माणसांना मी निर्दय म्हणणार नाही. पण ती आपलं निवेदन वाचणाऱ्याचा चेहरा डोळ्यांपुढे न आणता लिहीत होती, एवढं नक्की.

८.४५ (उरली ५५ मिनिटं)

संपूर्ण घटनाक्रमात मला सगळ्यात बोचते ती ही नोंद. धोरण गटातला एक सदस्य राज्याच्या राजधानीत, रिचमंडला, आपल्या सहकाऱ्याला मेल करतो : एक विद्यार्थी मृत, दुसरा गंभीर, बंदूकधारी मोकाट. हे इतक्यात जाहीर करायचं नाही, असंही त्यात असतं. चार मिनिटांनी तो पुन्हा बजावतो की हे बाहेर जाऊ देऊ नका.

म्हणजे बातमी लिहून झाली होती. संपादनाच्या दृष्टीने पाहिलं तर उत्तम बातमी : तीन ठोस गोष्टी, सगळ्या तपासलेल्या, एकही शब्द फालतू नाही. अडीचशे किलोमीटरहून अधिक लांब असलेल्या एका सहकाऱ्याला ती मिळाली. वेस्ट अँब्लर जॉन्स्टनवरून वर्गाकडे निघालेल्या मुलांना मिळाली नाही.

८.५२ ला ब्लॅक्सबर्गच्या सरकारी शाळांनी आपली दारं बंद करून घेतली. गावातली शाळकरी मुलं कुलपाआड गेली. विद्यापीठातली मोठी मुलं दप्तरं पाठीला लावून मैदान ओलांडत होती.

९.०१ (उरली ३९ मिनिटं)

गावातल्या पोस्टात एक जाड पाकीट टाकलं जातं. पत्ता न्यूयॉर्कमधल्या एनबीसी या दूरचित्रवाणी कंपनीचा. त्याच्यावर ९.०१ चा शिक्का बसतो. त्यात काय होतं ते पुढे येईलच.

९.०५ (उरली ३५ मिनिटं)

दुसरे तास सुरू. नॉरिस हॉल ही अभियांत्रिकीची दगडी इमारत. दुसऱ्या मजल्यावर, खोली २०६ मध्ये प्रा. जी. व्ही. लोगनाथन प्रगत जलविज्ञान शिकवतायत. ते मूळचे तमिळनाडूचे, ब्लॅक्सबर्गला पंचवीसेक वर्षं झालेली.  २०४ मध्ये लिव्हिउ लिब्रेस्कू. वय ७६, जन्म रोमानियातला, नाझी छळातून वाचलेले. त्या दिवशी इस्रायलमध्ये होलोकॉस्ट स्मृतिदिन होता. त्यांच्यासमोर बसलेल्या मुलांत मुंबईहून आलेली वास्तुशास्त्राची एक पदव्युत्तर विद्यार्थिनी आहे. २०७ मध्ये जर्मन भाषेचा तास, २११ मध्ये फ्रेंचचा.

९.२६ (उरली १४ मिनिटं)

अखेर मेल निघतो. आशय असा : वेस्ट अँब्लर जॉन्स्टनमध्ये सकाळी गोळीबाराची एक घटना घडली आहे, पोलीस तपास करत आहेत, सर्वांनी सावधगिरी बाळगावी, संशयास्पद काही दिसल्यास पोलिसांशी संपर्क साधावा.

८.४५ च्या मेलशेजारी ठेवून तो वाचला की फरक दिसतो. मृत्यू गेला, गंभीर जखमी गेला, मोकाट बंदूकधारी गेला. उरली ‘घटना’. व्याकरण ठीक, तपशील खोटा एकही नाही, आणि वाचून उठावं, दार लावावं असं कुणाला वाटण्यासारखं काही नाही. त्यातून तास सुरू होऊन वीस मिनिटं उलटली होती. आयफोन बाजारात यायला अजून दोन महिने होते. वर्गात बसलेल्या मुलाला मेल दिसायचा तो तास संपल्यावर, किंवा मांडीवर लॅपटॉप उघडा असेल तर.

याच मेलवरून पुढे बरीच वर्षं वाद झाला. वेळेवर इशारा दिला नाही म्हणून केंद्रीय शिक्षण खात्याने २०११ साली विद्यापीठाला ५५ हजार डॉलर दंड केला. अपिलात तो खाली आला. त्याआधी २००८ मध्येच कायदा बदलला होता : धोका आहे याची खात्री पटताच विद्यापीठाने विलंब न लावता इशारा द्यायचा.

९.४० च्या जरा आधी

नॉरिस हॉलच्या बाहेरच्या दारांना आतून साखळ्या लागल्या आहेत. उशीर झालेली एक विद्यार्थिनी दार उघडत नाही म्हणून खिडकीतून आत शिरते. बांधकाम चालू आहे, त्यासाठी बंद केलं असेल, असा तिचा समज. एका प्राध्यापकाला दाराजवळ चिठ्ठी सापडते : दार उघडलं तर बॉम्ब फुटेल. ती चिठ्ठी तिसऱ्या मजल्यावर डीनच्या कार्यालयात पोचवली जाते. त्याच महिन्यात बॉम्बच्या निनावी धमक्या आधीही आल्या होत्या, सगळ्या पोकळ निघाल्या होत्या.

९.४०

मुंबईत संध्याकाळचे सात वाजून दहा मिनिटं झालेत.

पुढची अकरा मिनिटं मी सविस्तर लिहीत नाही, अहवालात ती खोलीगणिक आहेत. लिब्रेस्कूंनी दार अंगाने अडवून धरलं आणि विद्यार्थ्यांना खिडकीतून उड्या टाकायला सांगितलं. बहुतेक वाचले, ते स्वतः गेले, मुंबईची मुलगीही गेली. २०५ मधल्या मुलांनी टेबल दाराला लावून आडवं पडून धरलं, तिथे कुणीही दगावलं नाही. २०६ मध्ये लोगनाथन गेले. नॉरिस हॉलमध्ये ३० जण, सकाळचे दोन धरून ३२.

९.४७ च्या सुमारास

नॉरिसच्या आत हे चालू असताना, विद्यार्थी केंद्रातल्या ‘कॉलेजिएट टाइम्स’च्या कार्यालयातून वेबसाइटवर पहिली बातमी चढते. ती वेस्ट अँब्लर जॉन्स्टनबद्दल आहे, सकाळच्या गोळीबाराबद्दल. नॉरिसचं त्यांना अजून ठाऊक नाही. कसं असणार?

या मुलांचं कौतुक करताना लोक ‘विद्यापीठाच्या आधी त्यांनी सांगितलं’ असं म्हणून टाकतात. तसं झालं नाही. विद्यापीठाचा मेल वीस मिनिटं आधी गेला होता. मात्र लिहिण्याची त्यांची रीत वेगळी होती. मजकूर कुणाकडून मंजूर करून घ्यायचा नव्हता, कळलं तसं टाकायचं, वर वेळ लिहायची, नवं कळलं की जोडायचं. वाचणारा म्हणजे शेजारच्या खोलीतला मित्र. त्याला ‘घटना’ सांगून चालत नाही, नेमकं कुठे, कधी, आता काय, एवढंच तो विचारतो. पण वाचक त्यांच्याकडे होता आणि बातमी ८.४५ पासून दुसऱ्याकडे. तासाभरापूर्वी ती ओळ त्यांच्या हाती पडली असती तर किती जण वर्गाऐवजी खोलीवर राहिले असते, याचा हिशेब कुणाला मांडता येणार नाही. मला तो मांडावासा वाटतो, हे मात्र खरं.

९.५० ला विद्यापीठाचा दुसरा मेल जातो, कर्णेही वाजू लागतात. या वेळी भाषा साफ आहे : बंदूकधारी मोकाट आहे, इमारतीतच थांबा, खिडक्यांपासून दूर राहा. याच सुमारास पोलीस बंदुकीने एका दाराचं कुलूप उडवून नॉरिसमध्ये शिरतात. ९.५१ ला मारेकरी स्वतःवर गोळी झाडतो.

त्यानंतरचे तास

आता दुसरीच पडझड. ‘कॉलेजिएट टाइम्स’ची साइट बसली.

एखाद्या कॉलेजच्या वेबसाइटवर त्या काळी प्रत्येक वाचकासाठी पान नव्याने जुळवलं जायचं. मथळा एका जागेतून, मजकूर दुसऱ्या, फोटो तिसऱ्या. एरवीच्या सोमवारी हे सहज पेलतं. त्या दुपारी जगभरातल्या न्यूज डेस्कवरून, अमेरिकेतल्या आईबापांच्या घरांतून, सोलपासून मुंबईपर्यंत सगळीकडून एकाच पत्त्यावर लोक येऊन थडकले. मुलांनी साइट वाचवत बसण्यात वेळ घालवला नाही. मूळ कंपनीच्या ‘कॉलेजमीडिया’ या पत्त्यावर बातम्या हलवल्या आणि लिहीत राहिली. मला हा त्या दिवसातला सगळ्यात शहाणा संपादकीय निर्णय वाटतो. नाव, मुखपृष्ठ, सजावट सोडून दिली, मजकूर तेवढा उचलून दुसरीकडे नेला.

विद्यापीठात आणखी एक विद्यार्थी प्रकाशन होतं, ‘प्लॅनेट ब्लॅक्सबर्ग’. ते निव्वळ नेटवरचं. रोलंड लेझेनबी पत्रकारिता शिकवायचे, त्यांच्या मार्गदर्शनाखाली मुलं ते चालवायची.  त्या मुलांनी जमवलेल्या हकिगतींचं पुस्तक ऑगस्ट २००७ मध्ये निघालं.

दुपारी एका पदव्युत्तर विद्यार्थ्याने मोबाइलवर टिपलेलं चित्रण सीएनएनवर पुन्हा पुन्हा दिसू लागलं. चित्र हलतं, धूसर. ऐकू येतात त्या गोळ्या. दरम्यान व्यावसायिक पत्रकारितेने आपलं तेज दाखवलंच. शिकागोच्या एका वृत्तपत्राच्या स्तंभलेखिकेने संशयित विद्यार्थी-व्हिसावर आलेला चिनी नागरिक असल्याचं लिहून टाकलं. नेटवर एका भलत्याच तरुणाला मारेकरी ठरवून लोक त्याच्यावर तुटून पडले.

रात्र, आणि मंगळवार

आता प्रश्न नावांचा. विद्यापीठ ओळख पटल्याशिवाय आणि कुटुंबाला कळवल्याशिवाय नाव सांगत नव्हतं, आणि इथे मी विद्यापीठाच्या बाजूने आहे. पण हजारो लोक जागे होते. फेसबुक सुमारे सात महिन्यांपूर्वीच सर्वांना खुलं झालं होतं, विद्यापीठातली मुलं त्याआधीपासून त्यावर होती. तिथे ‘मी सुखरूप आहे’ असं कळवण्याचा गट निघाला. ज्यांनी कळवलं नाही त्यांच्या मित्रांनी शोधाशोध सुरू केली. कोलोरॅडो विद्यापीठातल्या संशोधकांनी पुढे या सगळ्या याद्या तपासल्या. वेगवेगळ्या ठिकाणी, एकमेकांना न ओळखणाऱ्या लोकांनी बनवलेल्या. अधिकृत यादी येण्याआधी बत्तीसही नावं तिथे जमा झाली होती, आणि एकही चुकलेलं नव्हतं. कुणी नाव सुचवलं की दुसरा विचारायचा, तुला कसं कळलं? नातेवाईक आहेस की नुसतं ऐकलंस?

हेच काम ‘कॉलेजिएट टाइम्स’चे विद्यार्थी फोन लावून करत होते, आणि खात्री झाली तसं एकेक नाव देत होते. सतरा-अठरा वर्षांपासून बावीसपर्यंतची ही मुलं. फोन जिथे लागायचा तिथे कुणी वर्गमित्राची आई असे, कुणी खोलीतला सोबती. बाहेरून आलेल्या शेकडो वार्ताहरांना त्या दिवशी बातमी हवी होती. या मुलांना उद्याही त्याच गावात राहायचं होतं, त्याच माणसांना तोंड दाखवायचं होतं.

मंगळवारचा कागदी अंक निघाला. पण आठवड्याभराचे वर्ग रद्द झाले होते, विद्यार्थी सामान भरून घरी निघाले होते. ज्या फडताळांतून २६ हजार वाचक अंक उचलायचे त्यांच्यासमोर आता कॅमेरे घेतलेले परके लोक उभे. नेहमीचा वाचक रिचमंडला, न्यूजर्सीला, आपापल्या आईवडिलांच्या घरी पोचला होता आणि तिथून, दुसऱ्याच्या नावाच्या पत्त्यावर, आपलं वृत्तपत्र वाचत होता.

बुधवार, १८ एप्रिल

९.०१ चा शिक्का असलेलं ते पाकीट न्यूयॉर्कला पोचलं. पत्त्यात चूक होती, म्हणून एक दिवस उशिरा. आत चित्रफिती, स्वतःचे बंदुका रोखलेले फोटो, पानंच्या पानं मजकूर. मजकूर, चित्र, चलचित्र यांचा मेळ घालून, ठरावीक प्रेक्षक डोळ्यांपुढे ठेवून, वेळेचा हिशेब करून केलेलं त्या सोमवारचं हे एकमेव पूर्ण नियोजित प्रकाशन. करणाऱ्याने माध्यमही अचूक निवडलं होतं.

एनबीसीने सामग्री पोलिसांच्या हवाली केली आणि त्याच संध्याकाळी तिचे भाग दाखवले. बाकीच्या वाहिन्यांनी ते उचलले. दुसऱ्या दिवशी मृतांच्या काही कुटुंबीयांनी एनबीसीच्या ‘टुडे’ कार्यक्रमात ठरलेल्या आपल्या मुलाखती रद्द केल्या.